मशिनीची ओटी

सूनबाईची स्कूटी गेटाबाहेर पडली आणि राहीबाईनं आधी काय केलं असेल, तर दाराला आतून कडी घातली. मग पदर कमरेला खोचला, स्वयंपाकघरात आली आणि भांडी धुवायच्या त्या मशिनीपुढं फतकल मारून बसली.

"आता तू हायस आन् मी हाय," ती म्हणाली.

मशीन गप्प. आता गप्प, पण सकाळी तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. गेले आठ दिवस हेच. आधी नुसती किरकिर, मग खडखड, आणि आज तर पत्र्यावर गारा पडाव्यात तसा दणदणाट. वरच्या मजल्यावरची बाई खाली येऊन विचारून गेली, मिक्सर बिघडलाय का म्हणून. राहीबाईचा लेक सिद्धू चहा पिता पिता वैतागून म्हणाला, "परत करून टाकू ही ब्याद." त्यावर त्याची बायको प्रियदर्शनी म्हणाली, "परत-बिरत काही करायची नाही. मेकॅनिक आज चारला येतोय. कॉलेजातून मी साडेतीनला येतेच. उघडून बघेल तो, आत काय अडकलंय ते कळेल तरी."

आत काय अडकलंय ते राहीबाईला ठाऊक होतं. सुपारी.

आता भांडी धुवायच्या मशिनीत सुपारी गेलीच कशी? ऐका. महिन्यापूर्वीची गोष्ट. राहीबाईच्या हातांना भेगा पडल्या होत्या, रक्त यायचं. उभा जन्म आटपाडीकडच्या माळावर मेंढरं राखण्यात, खुरपण्यात आणि राखेनं भांडी घासण्यात गेलेला. लेकाकडं सांगलीला विश्रामबागेत येऊन वर्ष झालं तरी बाईचा हात काही घासणीवरून सुटेना. डॉक्टरनं सांगितलं, साबणाच्या पाण्यात हात घालायचा नाही. ही कशाला ऐकतेय! म्हणून प्रियदर्शनीनं सरळ मशीनच आणली. राहीबाईनं आकांडतांडव केलं. "तीन माणसांची भांडी आन् त्याला मशीन! गावात कळलं तर लोक तोंडात शेण घालतील." पण आणली ती आणलीच.

बसवणारा माणूस आला, मशीन बसवली, तळातली जाळी काढून कशी धुवायची ते दाखवलं आणि जाळी ओट्यावर वाळत ठेवून निघून गेला. प्रियदर्शनीही कॉलेजला गेली. घरात उरल्या दोघी, राहीबाई आणि ती नवी कोरी मशीन. कोपऱ्यात अंग चोरून उभी. राहीबाईनं जरा वेळ तिच्याकडं पाहिलं आणि का कोण जाणे, तिला तिची दया आली. कुठली कोण, खोक्यात बसून एकटीच आली. सोडायला माहेरचं कुणी नाही. आणि आल्या दिवसापासून हिला काय करायचं, तर दुसऱ्यांची खरकटी.

राहीबाईच्या घरात नव्यानं आलेल्या कुणालाही असं कोरडं ठेवत नसत. विहिरीला पाणी लागलं तेव्हा तिनं विहिरीची ओटी भरली होती. सांगलीला आली की कृष्णामाईची ओटी भरल्याशिवाय घास घेत नव्हती. मग हिनंच काय घोडं मारलंय? तिनं मशिनीला हळदकुंकू लावलं, खालच्या जाळीदार ट्रेमध्ये खण अंथरला, त्यावर ओंजळभर तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड आणि हळद माखलेल्या पाच सुपाऱ्या ठेवल्या. "नांद बाई सुखानं," म्हणाली. मग सूनबाई यायच्या आत घाईघाईनं सगळं आवरलं. सुपाऱ्या मोजल्या तर चार. पाचवी फ्रीजखाली गेली असेल म्हणून तिनं सोडून दिलं. तिकडं संध्याकाळी सिद्धूनं तळाच्या भोकावर जाळी बसवली. पाचवी सुपारी आत, वर झाकण! गरम पाण्यात भिजून भिजून ती फुटली असणार आणि आता पाणी उपसायच्या पंख्याला भिडली असणार. तळातनं येणारी ती खडखड राहीबाईनं बरोब्बर ओळखली होती.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कळतंय तर सुनेला सांगून मोकळं व्हावं. त्यात काय एवढं? फार तर हसेल. अहो, हसण्याची भीती असती तर प्रश्नच नव्हता. राहीबाई हसण्याला भिणारी बाई नव्हे.

गोष्ट अशी की, तीन वर्षांमागं सिद्धूनं सांगलीत रजिस्टर लग्न केलं आणि आईबापाला फोनवर कळवलं. पोरगी कऱ्हाडकडची, ऊसवाल्यांची, बाप मिलिटरीतला. त्यानं तर "आम्हाला पोरगी मेली" म्हणून दारच लावून घेतलं. इकडं राहीबाईनं दार लावलं नाही, पण मनाला कडी घातली. महिन्यानं दोघं आटपाडीला आली. सून हिरवी साडी नेसली होती. देवाच्या पाया पडून झाल्यावर ती पदर पुढं धरून तशीच उभी राहिली. सासरी पहिल्यांदा आलेली सून कशासाठी उभी आहे, हे काय कुणी सांगायला पाहिजे? शेजारच्या बायासुद्धा थांबल्या होत्या. आणि राहीबाई "दूध बघून येते" म्हणून आत गेली, ती बाहेर आलीच नाही. पोरगी रिकाम्या ओटीनं सांगलीला परतली.

आणि आता तीच पोरगी रोज रात्री सासूच्या भेगांना मलम चोळत होती. "आई" म्हणताना तिच्या तोंडात कधी खडा लागला नाही. राहीबाईला वाटायचं, येत्या पाडव्याला भरू, संक्रांतीला भरू. सण यायचा आणि जीभ टाळ्याला चिकटायची. तीन वर्षांनी ओटी भरायला घेतली तर पोरगी म्हणेल, आता आठवलं व्हय?

आणि आज चार वाजता तो मेकॅनिक सुनेच्या देखत मशिनीच्या पोटातून सुपारी काढून दाखवणार. तिला काय कळायचं राहणार होतं? सासूनं माझी ओटी भरली नाही, मशिनीची भरली! त्या पोरीचं तोंड तेव्हा कसं होईल, ते राहीबाईला डोळ्यांपुढं दिसत होतं. नाही. काही झालं तरी साडेतीनच्या आत ती सुपारी बाहेर काढायची.

तिनं आटपाडीला नवऱ्याला फोन लावला. म्हातारा धुळा डाळिंबाच्या बागेत होता.

"आवं, मोटारीच्या पंख्यात खडा गेला तर तुमी काय करता?"

"कुठली मोटार?"

"हाय एक. तुमी सांगा की."

"पैल्यांदा लाईट बंद कर. मग पाणी उपस. पंख्यावरचं झाकाण काड आन् पंखा उलटा फिरव. जोर लावू नगं, पातं मोडंल. पर तू सांगलीत कुणाची मोटार..."

राहीबाईनं फोन ठेवला. एवढं तिलाही माहीत होतं. पण काम हातात घेण्याआधी मालकाला विचारलं, की चुकलं तर निम्मं त्यांच्या नावावर जातं.

तिनं बटण बंद केलं, वर पिनही उपसली. पाण्याचा नळ बंद केला. खालचा ट्रे ओढून बाजूला ठेवला, जाळी फिरवून काढली. तळाच्या भोकात गढूळ पाणी होतं. वाटीनं उपसलं, उरलेलं फडक्यानं टिपून बादलीत पिळलं. साबणाचं पाणी भेगांत शिरलं तशी हाताची आग आग झाली. "आई गं," ती म्हणाली, पण हात काही बाहेर काढला नाही. बोटांनी चाचपता चाचपता काहीतरी टणक लागलं. सुपारीचं अर्धुक! फुगून काळं पडलेलं, पण चिरेत हळदीचा पिवळा रंग अजून होता.

उरलेलं अर्धं पंख्यात. पंख्यावर प्लास्टिकचं पांढरं झाकण. तिनं नखानं उचकटलं, नख मोडलं. सुरी घातली, ती सटकली. चिमटा घातला, तो वाकला. घड्याळात अडीच वाजले. तिचा घाम टपटप तळात पडत होता. "भाड्या, निघ की!" तिनं झाकणाला शिवी हासडली. एकदा मनात आलं, राहू दे, मेकॅनिकला गेटवरच गाठावं, हातापाया पडावं, म्हणावं बाबा, सुपारी काढ पण सुनेपुढं बोलू नको. मग तिला स्वतःचाच राग आला. मेंढी अडली तर अंधारात हात घालून कोकरू वळवून काढलेली बाई मी, आणि ह्या टोपणापुढं हात टेकू?

तिनं मांडणीतला जाड बुडाचा जुना पळीवजा चमचा घेतला. त्याचा दांडा झाकणाच्या कडेला एका बाजूनं सरकवला, मनगट टेकवलं आणि हळूच वर दाबलं. खट्! झाकण निघून हातात आलं. खाली इवलासा पंखा, आणि त्याच्या पात्यात रुतून बसलेलं दुसरं अर्धुक.

जोर लावायचा नाही. उलटं फिरवायचं. तिनं करंगळीनं पंखा मागं ढकलला, जरासा पुढं, पुन्हा मागं. दहा वेळा, वीस वेळा. कोकरासारखीच ती सुपारीही एकदम सुटली आणि सुळकन हातात आली.

"ये बाई, ये," राहीबाई म्हणाली आणि भिंतीला टेकून मोठा श्वास सोडला.

मग झाकण बसवलं, जाळी बसवली, ट्रे आत सरकवला, फरशी पुसली, सकाळची खरकटी भांडी आत रचली, नळ सोडला, पिन लावली आणि बटण दाबलं. पाणी भरल्याचा आवाज आला. राहीबाईनं कान मशिनीच्या दाराला लावला. खडखड नाही. किरकिर नाही. पलीकडच्या खोलीत कुणी चूळ भरावी एवढाच आवाज. तिला असा आनंद झाला की ती एकटीच हसली.

एवढ्यात दारावरची बेल वाजली. सव्वातीन. सूनबाई वेळेआधीच हजर! राहीबाईनं सुपारीची दोन्ही अर्धुकं मुठीत धरली आणि कडी काढली.

"दाराला कडी का घातली आई? बरं वाटत नाही का?" म्हणत प्रियदर्शनी आत आली आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकली. मशीन चालू होती. तिनं मशिनीकडं पाहिलं, बादलीतल्या घाण पाण्याकडं पाहिलं, वाकड्या चिमट्याकडं पाहिलं.

"तुम्ही दुरुस्त केली?"

"खडा हुता बारीकसा," राहीबाई म्हणाली. "टाकून दिला."

झालं की! सुटली होती बाई. कुणाला काही कळलं नव्हतं. सुपारी कचऱ्यात टाकली की विषय संपला. प्रियदर्शनीनं तर तिथंच मेकॅनिकला फोन लावला. "येऊ नका दादा, काम झालं. कुणी म्हणजे? माझ्या आईंनी केलं. हो, आईच. सासूबाई नाही म्हणत मी. आटपाडीच्या आहेत, त्यांना सगळं येतं." असं फुशारून सांगत होती, जणू तिच्याच माहेरची बढाई.

फोन संपेपर्यंत राहीबाई तशीच उभी राहिली. मग सुनेपुढं हात केला आणि मूठ उघडली.

प्रियदर्शनीनं ती दोन अर्धुकं पाहिली. चिरेतली हळद पाहिली. हुशार पोरगी, तिला फार वेळ लागला नाही.

"मशिनीची ओटी भरली होती तुम्ही?"

"व्हय. एकटी आली म्हणून लय वाईट वाटलं." राहीबाईचा आवाज फाटला. "इहिरीची भरली, नदीची भरली, मशिनीची भरली. तुझीच तेवढी न्हाई भरली. तूबी एकटीच आलीवतीस गं."

प्रियदर्शनीनं ती अर्धुकं तिच्या हातातून घेऊन ओट्यावर ठेवली.

"मी पदर धरून उभी होते," प्रियदर्शनी म्हणाली. "तुम्ही दूध बघायला गेलात."

"चूल पेटलीच नव्हती."

"माहीत आहे मला. धूर नव्हता."

एवढं बोलून ती पोरगी रडायला लागली. तीन वर्षांत तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं. राहीबाईनं तिला धरलं नाही, तेवढा आपला हक्क नाही असं तिला वाटलं. ती आतल्या खोलीत गेली आणि ट्रंकेच्या तळातून एक हिरवी इरकली काढून आणली. घडीच्या रेघा पिवळ्या पडल्या होत्या. लग्नाचं कळल्यावर रागाच्या भरातही तिनं ती घेतली होती, आणि रागाच्याच भरात तळाशी घातली होती. मग देवाजवळचा नारळ घेतला, परातीत तांदूळ घेतले, डब्यातल्या सुपाऱ्या घेतल्या.

"बस पाटावर."

प्रियदर्शनी कॉलेजच्या ड्रेसवरच बसली आणि ओढणी पुढं पसरली. राहीबाईनं तिला हळदकुंकू लावलं. ओढणीत साडी ठेवली, नारळ ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले. एकेक सुपारी मोजून घातली आणि तिचा हात थांबला.

"चारच हाईत. थांब, वाण्याकडनं आणते पळत."

"पाचवी आहे की," प्रियदर्शनी म्हणाली आणि ओट्यावरची ती दोन अर्धुकं उचलून सासूच्या हातात दिली.

"आगं, ही फुटकी! वटीत फुटकी सुपारी चालत न्हाई."

"महिनाभर धुऊन निघालीय ती, आई. घाला. आणि आता कुठं जाऊ नका."

राहीबाईनं भेगाळल्या बोटांनी दोन्ही अर्धुकं एकमेकांना जुळवली, नीट दाबून धरली आणि सुनेच्या ओढणीत ठेवली.