फुंकर न मारायची प्रॅक्टिस

सिद्धूने सलोनीच्या बर्थडेला काय केलं ते आधी सांगून टाकतो.

साल अठ्ठ्याण्णव. दिल्लीच्या मयूर विहारमधली आमची सोसायटी, चार मजले, लिफ्ट नाही. सलोनी खालच्या फ्लॅटमधली. केक आला, मेणबत्त्या लागल्या, ती गाल फुगवतेय तेवढ्यात आमच्या सिद्धांतने मधे तोंड घालून सगळ्या विझवल्या. तिने ढकललं. याने तिची वेणी ओढली. केक खाली.

मी त्याचा काका. नोकरीसाठी पुण्याहून आलेलो, दादा-वहिनीकडे राहायचो. त्या दिवशी केक पुसायला मीच बसलो होतो.

पुढच्या महिन्यात सोसायटीत तीन बर्थडे झाले. आम्हाला एकाचंही बोलावणं नाही. सिद्धू बाल्कनीच्या जाळीला नाक लावून खालचे फुगे बघायचा.  ते बघून मलाच लागायचं.

मग त्याचाच वाढदिवस आला. सहावा. मृणालवहिनी घरोघरी जाऊन सांगून आली. सलोनीच्या मम्मीने दारातच ऐकवलं, "आ जाएँगे भाभी. पर इस बार कुछ हुआ ना, तो फिर बस."

वर येऊन वहिनी सोफ्यावर बसली. "भाऊजी, तुमचं ऐकतो तो. काहीतरी करा. मी ओरडून ओरडून थकले. तुमचे दादा तर टूरवरच असतात."

मला पोरांचं काय कळतंय? पण कॉम्प्युटर मी कुणी न शिकवता शिकलो होतो, रोज थोडं थोडं करून. म्हटलं, हेही तसंच करू.

रोज ऑफिसहून आलो की मेणबत्ती लावायची, त्याच्यासमोर ठेवायची. पाच मिनिटं. फुंकर मारायची नाही. जमलं की कॅलेंडरवर त्या तारखेला वहिनीची एक टिकली. दहा झाल्या की अप्पूघरला, पाळण्यांत बसायला.

पहिल्या दिवशी दोन सेकंद टिकला. दुसऱ्या दिवशी नाकाने विझवली.

"तोंडाने नाही मारली काका!"

"नाकानेही नाही मारायची, शहाण्या."

तिसऱ्या दिवशी जमलं. मग जमतच गेलं. एका संध्याकाळी लाइट गेली, आली, आम्ही जेवलोसुद्धा, आणि टीव्हीवर मेणबत्ती जळतेच आहे. "मी बघत होतो," सिद्धू म्हणाला, "पण विझवली नाही." मेण टीव्हीवरून खाली ओघळलेलं. वहिनी कितीतरी दिवसांनी हसली.

बर्थडेपर्यंत नऊ टिकल्या.

पाहुणे यायच्या आधी औक्षण केलं. गेल्या वर्षी याने निरांजनच फुंकलं होतं. यंदा वहिनीने ओवाळलं तेव्हा पठ्ठ्या ओठ मिटून ताठ उभा. मी वहिनीकडे बघितलं, वहिनीने माझ्याकडे.

पाच वाजता पोरं आली. सलोनीपण आली, मम्मीचा हात धरून. केक मांडला, सहा मेणबत्त्या लावल्या. गाणं झालं. सगळे ओरडले, "फूँक मार! फूँक मार!"

सिद्धू ओठ मिटून ताठ उभा.

"अरे मार ना!"

त्याने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"अब क्या हुआ इसको?" सलोनीची मम्मी.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतके दिवस मी त्याला एवढंच शिकवलं होतं की फुंकर मारायची नाही. स्वतःच्या केकवर मारायची असते, हे सांगायचंच राहिलं!

मी खाली बसलो. "सिद्धू, या तुझ्या आहेत. मार."

त्याने मान हलवली. बोटांच्या फटीतून म्हणाला, "टिकली जाईल."

"नाही जाणार. प्रॉमिस."

 मेण केकवर टपकायला लागलं. मग तो हात काढून म्हणाला, "सलोनीची तेव्हा राहिली होती ना? तिला मारू दे." आणि तिच्याकडे वळून, "आजा. पर एक मेरे लिए छोड़ना."

सलोनीने मम्मीकडे बघितलं. मम्मीने तिचा हात सोडला. सलोनी पुढे आली, गाल फुगवले आणि एका दमात सहाच्या सहा विझवल्या.

एकही सोडली नाही.

 सिद्धूचे कान लाल झाले. मुठी वळल्या. तिची वेणी त्याच्या हातापासून वीतभर लांब. वहिनीने टेबलाची कड घट्ट धरली. मी उठायच्या तयारीत.

सिद्धूने नाकाने एक मोठा श्वास सोडला. मग माझ्याकडे वळला.

"काका, आता दोन टिकल्या. एक नाही."

वहिनीच्या तोंडून हसू फुटलं की रडू, मला कळलं नाही. ती आत गेली. टिकल्यांचं पाकीट संपलेलं, म्हणून आरशाला चिकटवलेल्या दोन काढून आणल्या आणि सगळ्यांसमोर आजच्या तारखेवर लावल्या.

सलोनीच्या मम्मीने मला विचारलं, हे काय? मी सांगितलं सगळं, नाकाच्या फुंकरीसकट. ती इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली.

"ये तूने अच्छा किया, यार. मेरी वाली को भी सिखा दे. देखा ना, छहों बुझा दीं!"

निघताना ती जिन्यावरून परत वर आली. "भाभी, संडे को अंकुर का बर्थडे है, मेरी बहन का बेटा. सिद्धू को भेज देना."

सगळे गेल्यावर मी मेणाचे थेंब पडलेला केकचा तुकडा सोलून खाल्ला. सिद्धू कॅलेंडरसमोर उभा राहून मोजत होता.

"अकरा! काका, दहाच पाहिजे होत्या. एक उरली."

"मग रविवारी अंकुरकडे घेऊन जा. तिथेही केक असणार."