मास्तरांचा पाय

मास्तरांनी गाडीचं मागचं दार उघडलं, पिशवी आत सरकवली आणि एक पाय आत टाकला.

"पुढे बसा ना, बाबा," लेक स्टिअरिंगमागून म्हणाली.

मास्तर क्षणभर तसेच राहिले, एक पाय गाडीत, एक रस्त्यावर. मग पुढे येऊन तिच्या शेजारी बसले. पट्टा लावला, बूट काढले आणि चक्क सीटवर मांडी घातली. लेकीने त्या मांडीकडे एकदा पाहिलं. गाडी निघाली.

मांडीला कारण होतं. एकतीस वर्षं मास्तरांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की तो आपण दाबायचा. पुढे त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल बंद केलं, गाडी विकली, स्वतः चालवणंही सोडलं, पण उजवा पाय काही निवृत्त व्हायला तयार होईना. कुणाच्याही शेजारी बसले की तो आपला दाबतोच, खाली ब्रेक असो वा नसो. टॅक्सीवाले हसायचे, शेजारीपाजारी चेष्टा करायचे, मास्तरही त्यात सामील व्हायचे.

लेकीने मात्र तीन वर्षांपूर्वी ते हसण्यावारी नेलं नव्हतं. दर वळणावर यांचा पाय धाडकन मॅटवर, तोंडाने "हळू, हळू" चालूच. शेवटी भर रस्त्यात तिने गाडी कडेला घेतली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही मागे बसा." ओरडली असती तर परवडलं असतं. ती शांतपणे म्हणाली आणि मास्तर निमूट मागे जाऊन बसले. त्यानंतर ती न्यायला आली नाही, यांनीही कधी विषय काढला नाही. तिच्याकडे जायचं तर बसने जायचं. बाकी रविवारचा फोन. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ठेवू का. त्यांच्याकडे शिकताना क्लच सुटून गाडी बंद पडली की जी पोरगी पोट धरून हसायची, तिच्याशी आता एवढंच बोलणं उरलं होतं. मास्तरांना फार काही नको होतं. तिच्या शेजारी बसून कुठेतरी जायचं होतं, एवढंच. म्हणून परवा तिने फोन करून नवी गाडी घेतल्याचं आणि आठ दिवसांसाठी न्यायला येत असल्याचं सांगितलं, तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं होतं की तोंड बंद आणि पायही बंद.

नवी गाडी भलतीच शहाणी निघाली. काचेच्या वरच्या बाजूला कॅमेरा होता. पुढच्या वाहनाच्या फार जवळ गेलं की गाडी आवाज करते, तरी ऐकलं नाही तर स्वतःच ब्रेक लावते, रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला की स्टिअरिंग हलकेच ओढून घेते, असं सगळं लेकीने कौतुकाने समजावून दिलं. मास्तर मान डोलावत राहिले. शहराबाहेर पडेपर्यंत ते यंत्र चारदा टुणटुणलं आणि लेकीने चारही वेळा मुकाट्याने वेग कमी केला. एकदा तर त्याला "हो, हो" असंही म्हणाली. म्हणजे यंत्राने सांगितलं तर सोय आणि बापाने सांगितलं तर कटकट! मास्तरांनी मांडी आणखी आवळली. त्यांना राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं होतं.

पुढे एक ट्रक हळू झाला. मांडीखाली दाबलेल्या उजव्या पायाचा अंगठा वळला आणि त्याच वेळी यंत्र वाजलं. थोड्या वेळाने एक मोटारसायकल आडवी आली. पुन्हा अंगठा, पुन्हा टुण. तिसऱ्या खेपेला मास्तरांनी नीट लक्ष दिलं. ना आधी, ना नंतर. अंतर अगदी बरोबर धरलं होतं गड्याने.

"जरा लवकर वाजत नाही का हे?" त्यांनी जपून विचारलं.

"लवकरवरच ठेवलंय. लवकर, मध्यम आणि उशिरा, असे तीन प्रकार असतात. ऑफिसमधले सगळे म्हणतात, उशिरावर टाक, नाहीतर डोकं उठतं."

"मग?"

लेक बराच वेळ आरशात मागचा रस्ता बघत राहिली. मागे कुणीच नव्हतं.

"तिन्ही लावून बघितले, आठवडाभर. हा तेवढा ओळखीचा वाटला."

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढला.

दिवस कलला होता. एका मोठ्या वळणानंतर सूर्य थेट समोर आला, काच नुसती पिवळीधमक झाली. पडद्यावर अक्षरं उमटली. उन्हामुळे कॅमेऱ्याला समोरचं दिसत नव्हतं. गाडीचा इशारा आणि आपोआप लागणारा ब्रेक तात्पुरते बंद झाले होते. दूरवर वाहनांची रांग दिसत होती आणि तिच्या शेवटी एक टेम्पो.

"कडेला थांबू या का जरा?" मास्तर म्हणाले. "ऊन उतरेल थोड्या वेळात."

"नको." तिने ऊन अडवायची झडप खाली ओढली. नजर रस्त्यावरच होती. "मांडी सोडा, बाबा. पाय खाली घ्या."

मास्तरांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी धरून तो उचलला आणि समोरच्या मोकळ्या मॅटवर ठेवला. बूट घालायचंही त्यांना सुचलं नाही.

टेम्पोचे लाल दिवे लागले. दोघांनी एकदमच ब्रेक दाबला.