वहिनी बदलण्याचा प्रस्ताव

स्वयंपाकघरात हातातून बटाटा सुटला की तो थेट खिडकीच्या कोपऱ्यात घरंगळत जायचा. पूर्वी असं नव्हतं. त्या कोपऱ्याखालून शहराची जुनी, बिडाची मुख्य वाहिनी जात होती. तिचे सांधे सुटले होते आणि गळणारं पाणी जमिनीखालची माती गुपचूप धुऊन नेत होतं. ताईला हे पक्कं ठाऊक होतं, कारण ती पाणीपुरवठा खात्यात अभियंता होती. घर तिच्या दादाचं; दादा, वहिनी आणि ती असे तिघं तिथे राहत. भिंतीला तडा गेला तेव्हा तिने त्यावर काचेची पट्टी चिकटवली होती. भिंत सरकली की काच तडकणार. आतापर्यंत तीन पट्ट्या तडकल्या होत्या. असंच चाललं तर आधी ओटा जाणार आणि त्यामागून घर, हे तिला गणिताने दिसत होतं.

वाहिनी बदलण्याचा प्रस्ताव ती दरवर्षी पाठवायची. दरवर्षी शेरा यायचा, ‘निधी नाही.’ पैसा मिळायचा तो उद्घाटन होऊ शकेल अशा कामांना. जमिनीखालच्या नळाला फीत कुठे बांधणार?

यंदा मात्र टंकलेखकाकडून एक काना राहिला. एकदा नव्हे, पानभर. वाहिनीचा काना पडला आणि उरली वहिनी.

‘मुख्य वहिनी जुनी व जीर्ण झाली असून ठिकठिकाणी गळते. तिच्या डागडुजीवर खर्च करण्यात अर्थ नाही. तरी ती बदलून त्याच जागी नवी वहिनी टाकण्यास मंजुरी मिळावी.’ गळतीचं ठिकाण म्हणून घराचा पत्ता, आणि खाली ताईची सही.

अर्थ विभागात पहिल्यांदाच कुणीतरी तो प्रस्ताव शेवटपर्यंत वाचला. शेरा आला, ‘बाब नाजूक आहे. समितीने वहिनीची समक्ष तपासणी करून अहवाल द्यावा.’

ताई तशीच उठून अर्थ विभागात गेली.

“काना घालायचा तर प्रस्ताव मागे घ्यावा लागेल,” कारकून म्हणाला. “मग पुढच्या वर्षी. आणि खरं सांगू का ताई, वाहिनीसाठी पैसे नाहीतच. वहिनीसाठी आहेत.”

“कुठले?”

“तेवढं विचारू नका. बाब नाजूक आहे.”

घरी तिने खाली मान घालून सगळं सांगितलं. दादाला हसू आवरेना. “नवी वहिनी! मग, मंजुरी कधी मिळतेय?”

“तुम्ही गप्प बसा हो. जुनी झेपत नाही आणि निघाले नवी आणायला.” वहिनीने हातातलं फडकं पिळून ठेवलं. “वन्सं, पैसे मिळाले तर माझा कोपरा वाचेल?”

“वाचेल.”

“मग येऊ द्या त्यांना. एवढ्या वर्षांत माझी तपासणी केलीय कुणी?”

समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि एक डॉक्टर. अध्यक्षांनी छापील तक्ता काढला. तक्ता पाणीपुरवठा खात्याचाच होता. वहिनी ओट्याला टेकून उभी राहिली. ताई दारातच थांबली.

“सेवेत कधीपासून?” अध्यक्षांनी विचारलं.

“लग्न झालं त्या दिवसापासून.”

“बंद किती वेळा?”

“एकदाही नाही. तापातसुद्धा नाही.”

“दाब?”

“सकाळी कमी असतो. ह्यांचे मित्र येऊन बसले की वाढतो.”

“सांधे?”

“सगळे कुरकुरतात.”

“आतून कधी साफसफाई?”

“आत कोण डोकावतंय, साहेब? बाहेरून चालू दिसते ना, मग झालं.”

अध्यक्षांनी लिहिता लिहिता मान हलवली. वहिनी एक शब्दही खोटं बोललेली नाही, हे ताईने मनातल्या मनात पुन्हा तपासून पाहिलं.

डॉक्टरांनी वहिनीच्या पाठीला नळी लावली. “मोठा श्वास घ्या.”

वहिनीने श्वास घेतला. तेवढ्यात टक् असा आवाज झाला. चौथी काच गेली.

डॉक्टर दचकले. “हे काय वाजलं?”

वहिनी भिंतीकडे वळलीसुद्धा नाही. “आतून,” ती म्हणाली. “हल्ली वाजतं असं.”

अहवाल त्याच आठवड्यात आला आणि पाठोपाठ पैसे. ‘वहिनी दुरुस्तीपलीकडे गेली आहे. नवी तातडीने टाकावी. जुनी उखडून काढणे परवडणारे नाही, सबब तिची दोन्ही तोंडे बंद करून तिला सेवेतून मुक्त करावे व जागेवरच सोडून द्यावे.’

“तोंड बंद?” वहिनी म्हणाली. “लिहिणाऱ्याला एकदा जेवायला बोलवा.” पण कागद तिने पुन्हा वाचला, घडी घातली आणि डब्यांच्या फळीवर नीट ठेवून दिला.

रस्ता खणला गेला, नवी वाहिनी पडली, कोपऱ्याखाली भराव घातला. ताईने पाचवी पट्टी चिकटवली आणि ती रोज बघत राहिली. महिना झाला तरी काच शाबूत होती. तिने ओट्यापाशी बटाटा सोडून पाहिला. उतार तोच होता, बटाटा कोपऱ्यातच गेला. पण आता कोपरा कुठे जाणार नव्हता. रात्री तिला गाढ झोप लागली.

सकाळी उठली तर ओट्यावर काहीच नव्हतं. वहिनी खुर्चीत बसली होती, पाय स्टुलावर.

“बरं नाही का?” दादाने विचारलं.

“बरी आहे. सेवेतून मुक्त आहे. सही आहे खाली. वन्सं, दाखवा ह्यांना.”

ताईने फळीवरचा कागद काढून दादासमोर धरला. अहवालात तिला कुठेच चूक सापडत नव्हती.

दादाने एकेक डबा उघडून पाहिला. “अगं, चहाची पावडर कुठे असते?”

“नवीला विचारा.”

त्याने पातेलं नळाखाली धरलं. नवी वाहिनी पडल्यापासून त्याने या नळाला हात लावला नव्हता; इतकी वर्षं सुतासारखी धार यायची, म्हणून सवयीने नळ पूर्ण फिरवला. पाणी पातेल्यावर आदळलं आणि शर्ट, चष्मा, भिंत, सगळं भिजलं.

वहिनीने पाय तेवढे स्टुलावरून खुर्चीत घेतले.

“दाब चांगलाय हो नवीचा,” ती म्हणाली. “आता तुम्ही सांभाळा.”