सातांतला एक, साठांतला एक

मी गणिताच्या एका त्रैमासिकाचा अंक बोलतोय. अंगाने पाप्याचं पितर, त्यात पानोपानी चिन्हं. त्यामुळे मला चाळणारे पुष्कळ, वाचणारे थोडे. तरी माझं बरं चाललंय.

माझ्यात बाईंचा लेख आहे. बाई इथल्याच विद्यापीठात गणित शिकवतात. तो लेख त्यांनी कित्येक वर्षं घोटला. मी छापून ग्रंथालयात आलो, तेव्हा त्यांनी मला नाकाशी धरून शाईचा वास घेतला. मला तर लाजल्यासारखंच झालं.

शेजारच्या कप्प्यात हृदयरोगाचं जाडजूड मासिक. त्याचा तोरा काय वर्णावा!

पुढे जागा अपुरी पडू लागली. ग्रंथपालांनी ठरवलं, गेल्या दोन वर्षांत ज्याच्या लेखांचा इतरांनी कमी उल्लेख केला, ते नियतकालिक बंद आणि जुने अंक रद्दीत. शेजाऱ्याचे उल्लेख हजारांत, आमचे बोटांवर मोजण्याइतके. माझी पाचावर धारण बसली.

बाई तरातरा आल्या. "सर, तुमचा काटाच चुकतोय."

"नियम सगळ्यांना सारखा आहे, बाई. आणि यात तुमचा लेख आहे ना?" ग्रंथपाल हसले.

"आहे की! त्याचा तर अजून कुणी उल्लेखही केलेला नाही. पण हे बघा." त्यांनी आम्हा दोघांमधला एकेक लेख शेवटाकडून उघडला. शेजाऱ्याकडे साठ संदर्भ, माझ्याकडे सात. "डॉक्टर लेखामागे साठ जणांची नावं घेतात. आम्ही सातांची, तीही सावकाश, लेख छापून कित्येक वर्षांनी. सातांतला एक आणि साठांतला एक सारखा कसा हो?"

ग्रंथपालांनी डोकं खाजवलं आणि हिशेब नव्याने मांडला. सातांच्या यादीतल्या उल्लेखाला सातवा भाग, साठांच्या यादीतल्याला साठावा. दोन वर्षांची मुदतही वाढवली. शेजारी राहिला, मीही राहिलो. पहिला नाही आलो, मधेच कुठेतरी बसलो; मला तेवढं पुरे. शेजारी आता माझ्याशी बोलतोसुद्धा.

परवा ग्रंथपालांनी बाईंना घाईने बोलावलं. शेजाऱ्याच्या ताज्या अंकात कुणा डॉक्टरांनी हृदयाच्या ठोक्यांवर लिहिताना बाईंचं सूत्र वापरलं होतं. संदर्भांत बाईंचं नाव होतं, आयुष्यात पहिल्यांदा.

बाईंनी आधी यादी मोजली. बरोबर साठ.

"म्हणजे माझ्याच नियमाने साठावा भाग!" त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं.

वाचकहो, मला खुशाल तोला, फक्त काटा माझ्या घरचा घ्या. बाईंनी मला उचललं आणि पुन्हा नाकाशी धरलं. शाईचा वास केव्हाच उडालाय, नुसती धूळ आहे. त्या शिंकल्या, आणि तरी मला खाली ठेवेनात.