किमोराचे पाय आणि मी

"आधी पाय नीट टेकव, मग तोंड उघड." माझ्या फळीला रंधा मारता मारता चर्चचे सेवक डीकन ऑटिस आपल्या नातीला असं सांगत होते. माझ्या कानी पडलेलं ते पहिलं वाक्य.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पायरी आहे. अलाबामातल्या एका लहान गावात, कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये माझा मुक्काम असतो. ईस्टरला इथली मुलं पाठ केलेलं कवन सर्वांपुढे म्हणतात. माइक उंच आणि मुलं बुटकी, म्हणून मी घडले. खाली-वर होणारा नवा माइक आला तेव्हा मला जिन्याखाली टाकलं होतं. माझा एक खिळाही ढिला झाला. पण माझ्यावर चढल्याशिवाय मुलांना कंठच फुटेना. देवाची कृपा, मला परत आणलं.

मला माणसं पायांवरून कळतात. किमोराचे पाय मी ती दुडूदुडू चालायची तेव्हापासून ओळखते. एकदा ती कवनात मध्येच थांबली. लगेच बाकांवरून आवाज आले, "सावकाश, बाळा, सावकाश." मागून कुणी म्हणालं, "नंतरच्या जेवणातलं चिकन काही पळून जात नाही." सगळे हसले, तीही हसली आणि तिला ओळ आठवली. इथली रीतच तशी.

आता ती उंच झाली, माइकपाशी तिला माझी गरज उरली नाही. यंदा तिनं लहानग्यांची कवनं पाठ करून घेतली. ईस्टरची प्रार्थना संपल्यावर मात्र ती माझ्यावर येऊन बसली आणि तिच्या टाचा थरथरू लागल्या. मला नवल वाटलं. ज्या पायांना इथं कधी भीती वाटली नाही, ते आज कशाला घाबरलेत?

तेवढ्यात मदर व्हर्नेल आल्या. त्या चर्चमधल्या सर्वांत वडीलधाऱ्या, म्हणून सगळे त्यांना मदर म्हणतात. त्यांनी विचारलं आणि किमोरानं हळूहळू सांगितलं. शाळेत गणिताच्या वरच्या, अवघड वर्गात ती एकटीच कृष्णवर्णीय. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं होतं, वर्ग चुकला का म्हणून. तेव्हापासून शंका आली तरी हात वर होत नाही. उद्या वर्ग सोडते असं सांगायचं तिनं ठरवलं होतं. आणि आजच पाद्रीबाबांनी तिला 'आपली गणितज्ञ' म्हटलं, आणि सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

"एक शंका विचारायला एवढं काय गं?"

"मी विचारलं तर ते म्हणतील, यांना जमतच नाही."

"यांना म्हणजे?"

"आपल्याला. सगळ्यांनाच."

मी विचारात पडले. वर्गात तिच्या शेजारी बसणारा गोरा मुलगा म्हणे सारखा शंका विचारतो. त्याच्या शंकेवरून त्याच्या आजीची अक्कल कुणी काढत नाही. मग हिच्याच एका हाताला इतकं ओझं का?

मदर व्हर्नेल समोरच्या बाकावर टेकल्या. मग म्हणाल्या, "आम्ही टाळ्या वाजवून अख्खं चर्च तुझ्या डोक्यावर बसवलं. त्यात मी केवढी जड, बघतेस ना?"

किमोराला हसू आलं.

"उतरव आम्हाला, पोरी. वर्ग सोडायचा तर सोड, इथं तुझी जागा तीच राहील. पण आधी एकदा शंका विचार. तुझी, आमची नव्हे."

"विचारीन."

"नक्की?"

"नक्की, मदर."

मित्रांनो, मला फार काही नको. खिळा ठोका, ओल लागू देऊ नका. पण तुमच्या वर्गात कुणी असं एकटं असेल, तर त्याची शंका त्याच्या एकट्याचीच समजा. त्याच्यामागे त्याची सगळी माणसं उभी करू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मदर व्हर्नेल चर्च झाडत होत्या. दार उघडं होतं. किमोरा आत आली, माझ्यावर पाय ठेवून तिनं बुटाची नाडी बांधली. तिनं गणिताचं पुस्तक दप्तरातून काढून हातात घेतलं, मधे बोट घालून शंकेचं पान धरलं आणि ती शाळेच्या बसकडे निघाली.