वाघाला डोकं पायजे

दचकलाव व्हय? दचका, माझं कामच हाय ते. पर पळू नका. म्या वाघ बोलतोय खरा, पर निस्तं मुंडकं हाय. पोटच न्हाय, तर तुमास्नी खाऊन ठेवू कुठं?

मुरुम गावच्या अलीकडं एक बारकी वस्ती हाय. तिथं दगडोबाच्या घरात, त्याच्या बाजंच्या वर, खुटीला म्या टांगलोय. पिवळा रंग, काळं पट्टं, लाल जीभ, आन् घोड्याच्या शेपटीच्या केसाच्या मिशा. एका बाजूची मिशी उंदरानं खाल्ली. वाघाची मिशी उंदरानं खाल्ली. हसा, हसून घ्या.

मला बनवलं आयुब पिंजाऱ्यानं. गाद्या भरायचं त्याचं काम, पर हातात कला लई. रद्दी भिजवली, चिंचोक्याची खळ शिजवली आन् थरावर थर चिकटवत बसला. उर्दू पेपर, मराठी पेपर, कानडी पेपर, घावंल ते. तीन भाषांच्या बातम्या माझ्या टाळक्यात हायती, आन् मला अक्षर एक वाचता येत न्हाय. शाळा शिकलेल्या लोकांचंबी कवाकवा असंच असतंय, म्हणून म्या मनाला लावून घेत न्हाय.

बनवलं दगडोबासाठी. दगडोबा बारका असताना तापानं हातचा जायला लागला, तवा त्याची आई तुळजाबाई पीराला नवस बोलली, "पोरगं वाचलं तर मोहरमच्या सवारीपुढं वाघ हुईल. त्याच्या मागं त्याच्या घरातला कुणीतरी हुईल." पोरगं वाचलं. निस्तं वाचलं न्हाय, पैलवान झालं. कुस्त्या खेळून खेळून त्याचा डावा कान भज्यावानी फुगला. आयुबनं त्या कानापुरता खळगा ठिवला माझ्या आत.

ह्या वाघाचा नेम हाय एक. वाघ हुनारानं मला सोताच्या हातानं चढवायचं. चढवलं की तोंडातनं शब्द काढायचा न्हाय, वाघाला नाव नसतंय. आन् उतरवायचं मातर आयुबनं, न्हायतर आयुबच्या घरच्यानं. सोताच्या हातानं उतरवला तर नवस फिटत न्हाय.

आवं, काय नाचायचा त्यो दगडोबा. हलगी कडाडली की मागं म्हातारी माणसंबी सरकायची. म्या मधनंच माझी मिशी त्याच्या नाकात घालायचो. बिचाऱ्याला शिंक यायची, बोलता तर येत न्हाय, मग त्यो मला धरून डरकाळी फोडायचा आन् लोक म्हणायचं, वाघ खरंच अंगात आला. ती डरकाळी न्हवं, शिंक हुती. आजपातूर कुणाला सांगितलं न्हवतं.

मग आयुब गेला. उतरवायचं काम त्याच्या बायकोकडं, सरदारबीकडं आलं. मग दगडोबाचं गुडघं गेलं, आन् माझं कामच गेलं. चादरीत बांधून सरदारबीनं मला माळ्यावर टाकलं. आंधारात पडल्या पडल्या मला एकच वास यायचा, आतल्या खळग्यातला, दगडोबाच्या घामाचा. त्यो रोज उलसा उलसा कमी व्हायचा.

आता वाघ हुयाची पाळी रणधीरची, दगडोबाच्या नातवाची. रणधीर पुण्याला कंपनीत. दगडोबानं फोनवर विचारलं, "लेका, औंदा वाघ कोण?"

"आबा, समद्या गावापुढं उड्या मारू व्हय म्या? पोरं व्हिडिओ काढत्याल."

"काढू दे की. मला तर फोटोबी काढाया कुणी न्हवतं."

"न्हाय आबा. लाज वाटती."

दगडोबा हसला, पर फोन ठिवल्यावर लई वेळ गुडघं चोळत बसला. सरदारबीला म्हणला, "वैनी, आईनं पीराला शब्द दिलाय. मधली सालं चुकली ती चुकली, माझ्या डोळ्यादेखत पार तुटाया नको बगा."

ह्या रणधीरच्या खोलीत सोबती कोण, तर सोहेल. आयुबचा नातू. ह्याला याड जपानी ॲनिमेचं. सरदारबी म्हणायची, "कार्टून बगतंय, लगनाचा घोडा झाला तरी." त्यो चिडायचा, "दादी, कार्टून न्हाय ते." आन् रणधीरला याड गेमचं. दोघांची रोज भांडणं. सोहेल म्हणायचा, "तुमची गेमवाली पोरं निस्ती शिव्या देत्यात." रणधीर म्हणायचा, "तुमची पोरं गणपतीच्या देखाव्यागत नटून हुबी ऱ्हात्यात. करत्यात काय?"

तर एका रविवारी पुण्यात दोन्ही मेळं एकदमच आलं. एका टोकाला ॲनिमेवाल्यांचा, दुसऱ्या टोकाला गेमवाल्यांचा. सोहेलला वाघतोंड्या जपानी सेनापती व्हायचं हुतं. आदल्या दिवशी गावाला येऊन दादीच्या माळ्यावरनं त्यानं मला गुपचूप काढलं, पिशवीत घातलं आन् यष्टीत बसला. शेजारच्या बाईनं पिशवीत डोकावलं आन् पुढच्या स्टॉपला सीट बदलली. लई दिवसांनी बरं वाटलं मला.

मेळ्याच्या दारात सोहेलनं मला डोक्यावर चढवलं. डोकं बारकं. म्या त्यावर खुळखुळत हुतो, डाव्या बाजूचा खळगा रिकामा. पर आत गेलो आन् बगतच ऱ्हायलो. आवं, समदा गावच सोंगाचा. कुणाचं केस निळं, कुणाच्या पाठीला पंख, कुणाच्या खांद्यावर पुठ्ठ्याची तलवार, हितनं तितपातूर. मला वाटलं, मोहरमचं समदं वाघ मरून हिकडंच आल्यात.

आन् चालरीत बगा त्यांची. फोटो काढायच्या आधी हात जोडून इचारत्यात, "काढू का?" कुणाचं पंख मोडलं तर अनोळखी माणूस पिशवीतनं सुईदोरा काढतंय. निळ्या केसाची एक पोरगी, निकिता म्हणं, तिनं सोहेलच्या अंगरख्याची फाटकी बाही उभ्या उभ्या शिवली आन् नावबी न इचारता निघून गेली. तितं कुणी कुणाला हरवाया येत न्हाय. एक दिस दुसरं कुणीतरी व्हायला येत्यात. घरी ज्याला कुणी बोलत न्हाय, त्येच्याकडं तितं रांग लागती.

सोंगाच्या स्पर्धेत सोहेल स्टेजवर गेला. माईकवाला म्हणला, "नाव सांगा." सोहेल गप. "पात्राचं नाव तरी?" सोहेल गप. नेम डोक्यात बसलेला, वाघ बोलत न्हाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या, परीक्षकांनी काट मारली.

खाली उतरल्यावर त्याला तहान लागली. हात वर नेला आन् तितंच थांबला. मला उतरवायचं आयुबच्या घरच्यानं, आन् आयुबच्या घरचा त्यो सोताच. सोताचा वाघ सोता उतरवायचा न्हाय. पोरगं शिकलेलं, कंपनीत कामाला, पर मोहरमचा नेम मोडायची छाती झाली न्हाय. म्या आत गदगदून हसत हुतो.

त्यानं सरदारबीला व्हिडिओ फोन लावला. म्हातारीनं फोन डोळ्याला लावला आन् किंचाळलीच. मग वळखलं. "हा तर आपला वाघ. आत कोण हाय? सोहेल? मान हलव."

सोहेलनं मान हलवली.

"कुणाला इचारून घातलास रे मेल्या? आता उतरवंल कोण, तुझा बाप?" आन् फोन घेऊन ती तशीच दगडोबाच्या बाजंपाशी गेली. दगडोबानं मला बगितलं. लई दिवसांनी बगितलं. पैल्यांदा हसला, मग डोळं पुसलं, मग त्याच्या तोंडावर जुनी खोडी आली. म्हणला, "आयुबभाईच्या घरच्यानं घातला, तर माझ्या घरच्यानं उतरवायचा. रणधीरकडं जा."

सरदारबी हळूच म्हणली, "असा नेम हाय?"

"आत्ता केला."

माझं कान मोठं. मला ऐकू आलं. सोहेलला न्हाय.

मग रिक्षा. रिक्षावाल्यानं आरशात वाघ बगितला आन् निस्तं "कुठं?" म्हणला. पुण्याच्या रिक्षावाल्याला काय सांगावं. सोहेलनं फोनवरचा गेमवाल्यांच्या मेळ्याचा पत्ता दावला. सरदारबीचा फोन चालूच हुता, दगडोबा बाजंवर पडून त्यात रस्ता बगत ऱ्हायला.

गेमवाल्यांच्या मेळ्यात माझ्याकडं कुणी ढुंकून बगितलं न्हाय. खरं सांगतो, राग आला. येवढा वाघ आलाय आन् समदी मान खाली घालून पडद्याला चिकटल्याली. कानावर हेडफोनची डबडी, बोटं हलत्यात, आन् तोंडानं शिव्या अशा की म्या कागदाचा असून लाजलो. पर उलसं थांबलो तवा वळखलं. अरं, हा तर कुस्तीचा फड. हितं नटायला येत न्हाईत, हितं उतरायला येत्यात. हरलेला उठून जात न्हाय, जिंकणाऱ्याच्या मागं हुबा ऱ्हाऊन त्याची पुढली कुस्ती बगतो. कुणी इचारत न्हाय तू कोण, पर खुर्ची सरकवून देत्यात, "खेळणार का?" तिकडं हात जोडून मान देत्यात, हिकडं जागा देऊन.

आन् दोन्हीकडं एक गोष्ट सारखीच. खरं नाव कुणी सांगत न्हाय.

मधल्या मोठ्या पडद्यापाशी गर्दी ओरडत हुती. "दगडू! दगडू! दगडू!" मला वाटलं माझं कान गेलं. सोहेल गर्दीतनं पुढं घुसला. खुर्चीवर रणधीर. पडद्यावर त्याच्या गड्याच्या डोक्यावर नाव लिवलं हुतं, सोहेलनं बोट करून फोनला दावलं. गेममधी पोरानं आज्याचं नाव घेतलं हुतं. येवढी अनोळखी पोरं त्याच नावानं ओरडत हुती, आन् म्हातारा बाजंवर पडून ते ऐकत हुता.  फोनमधनं सरदारबीचा आवाज आला, "दगडूभाऊ, पानी पिता का?"

रणधीर जिंकला. मागं वळला तर वाघ.

"सोहेल्या? हे काय रं?"

फोनमधनं दगडोबा म्हणला, "उतरव त्याला. नेम हाय."

रणधीरनं फोनकडं बगितलं, मग माझ्याकडं. दोन्ही हातांनी मला उचललं. सोहेल मोकळा झाला आन् आधी पाण्याची बाटली हुडकाया पळाला. रणधीर मला हातात धरून हुबा. आत वाकून बगितलं, वास घेतला. मग काय वाटलं त्याला कुणास ठावं, डोक्यावर चढवलं.

हेडफोनचं उजवं डबडं त्यानं बोलताना मागं सारलं हुतं, डाव्या कानावरचं तसंच हुतं. ते बरोबर खळग्यात बसलं. आज्याचा फुगलेला कान जितं बसायचा, तितंच. म्या हललो न्हाय, खुळखुळलो न्हाय. लई सालांनी डोकं गच्च बसलं. त्याचा श्वास थांबला. दगडोबाचाबी असाच थांबायचा, हलगी सुरू व्हायच्या आधी. म्या मिशी नाकाशी नेली न्हाय. मन झालं न्हाय.

"बसला का?" म्हातारा फोनमधनं.

सोहेल पाणी पिऊन आला हुता. म्हणला, "बसला नाना. हलत न्हाय."

तेवढ्यात माईकवर पुढच्या मॅचसाठी दगडूला हाळी आली. सोहेलनं मला उतरवलं. त्या दिवसात उतरवायचं काम तेवढं एकदाच नेमानं झालं. रणधीर खुर्चीकडं जाता जाता म्हणला, "आबा, मोहरमला बघतो."

बघतो म्हंजे काय, ते समद्या मराठी मुलखाला ठावं हाय.

मोहरम आला. सोहेल मला घेऊन आला. रणधीर आला न्हाय, त्याच्या टोळीची कुठंतरी मोठी मॅच पडली. म्या त्याला शिव्या देत न्हाय. दगडोबाबी कुस्तीपायी सोताच्या सोयरिकीला उशिरा पोचला हुता, हे सरदारबीनंच मला चादरीत बांधताना ऐकवलं हुतं.

दगडोबानं बाज दारात काढाय लावली. मला मांडीवर घेतलं, तोंड रस्त्याकडं. सवारी आली. हलगीवाला हणमंतप्पा दारापुढं थांबला आन् म्हाताऱ्याकडं बगत वाजवत ऱ्हायला. त्याला वाटलं आतनं वाघ बाहीर येईल. लोकबी थांबली. दगडोबाची बोटं माझ्या कपाळावर ठेका धरत हुती, हळूहळू, मग जोरात. एकदा त्यानं उठायचं केलं. गुडघ्यानं ऐकलं न्हाय.

"पुढं चला," म्हणला. "वाघ वाटंत हाय."

सवारी वाघाबिगर गेली. सरदारबी मला परत माळ्यावर न्यायला आली, तवा त्यानं दिलं न्हाय. आपल्या बाजंच्या वर खुटी ठोकून घेतली. तवापास्नं म्या हितं हाय.

रणधीरचा फोन येतो. आधी पगाराचं सांगायचा, पाण्याचं इचारायचा. आता शेवटी हळूच इचारतो, "वाघ कसा हाय?"

"उपाशी हाय," दगडोबा सांगतो.

 रणधीर फोन लगेच ठिवत न्हाय. म्या तेवढ्या येळात त्याचा श्वास ऐकतो.

रणधीर, तुझा खेळ सोड असं म्या म्हणत न्हाय. लाजबी सोडू नको. लाजंला आत ठिवायसाठीच तर आयुबनं मला येवढं मोठं केलंय. वाघाच्या आत कोण हाय, ते गावाला दिसत न्हाय. दगडू म्हणून ओरडणाऱ्या पोरांनाबी तुझं तोंड कुठं दिसत हुतं?

सरदारबीनं काल म्हाताऱ्याला सांगितलं, मोहरम चंद्रावर चालतो, म्हणून दरसाल उलसा अलीकडं सरकतो. म्हातारा लई खूश झाला. म्हणला, "बरं हाय. तेवढंच कमी थांबायचं."

लेका, चंद्र सरकाया लागलाय. तूबी जरा सरक.