पालथे कागद

सकाळी साडेनऊला मॅनेजर छापखान्यात आला तेव्हा ताईच्या हातात काहीच काम नव्हतं, आणि ते दिसू नये म्हणून तिने टेबलावर जुन्या लग्नपत्रिकांचे नमुने पसरून ठेवले होते. आता लग्नाची आमंत्रणं फोनवर जात होती. दुकानदारांची बिलबुकं कॉम्प्युटरने खाल्ली होती. उरल्या होत्या शाळेच्या परीक्षा आणि पाणी बंद राहणार असल्याच्या नोटिसा.

मॅनेजर तरुण होता, घाईत होता आणि बसला नाही. गावाबाहेरच्या बायपास रस्त्यावर जे तीन मजली दुकान उघडणार होतं, त्याचा तो माणूस.

"दहा हजार पत्रकं. दोन्ही बाजूंनी. संध्याकाळी सहापर्यंत होतील? उद्या सकाळी पेपरात घालून वाटायची आहेत."

"होतील," ताई म्हणाली. मनात मात्र तिने मशीनवाल्या काकांचं वय, कटिंग मशीनचं पातं आणि शाईचे डबे सगळं एकदम आठवून पाहिलं.

"एक अट आहे. यात आमचे भाव आहेत. वाटप होईपर्यंत बाजारात कुणाला कळता कामा नये. एकालाही नाही."

ताई हसली. "या कपाटात शाळेचे परीक्षेचे पेपर असतात. माझी पोरगी भूमितीत नापास झाली त्या वर्षी पेपर इथेच छापले होते मी."

मॅनेजरला ते पटलं. जाताना तो म्हणाला, "काम चांगलं झालं तर दर महिन्याला पत्रक निघेल. कायमचं तुमच्याकडे." तो गेल्यावर काकांनी हात जोडून छताकडे पाहिलं आणि मशीनवरचं कापड काढलं.

ती जागा मुळात ताईच्या वडिलांची. पुढचं तोंड बाजाराच्या रस्त्यावर, तिथे भांड्यांचं दुकान. मागचं तोंड बोळात, तिथे छापखाना. वडील गेल्यावर दुकान मोठ्या भावाकडे, दादाकडे गेलं आणि छापखाना ताईकडे. मधल्या भिंतीत एक दार होतं. त्यातून दिवसभर चहाचे कप, सुट्टे पैसे, आणि एकमेकांवरची चिडचिड इकडून तिकडे जात असे. मॅनेजरला हे काही ठाऊक नव्हतं. त्याने विचारलं नाही, आणि ताईला सांगायचं सुचलं नाही.

अकराच्या सुमाराला पहिलं प्रूफ निघालं. ताईने चष्मा लावला आणि सवयीप्रमाणे एकेका आकड्यावर बोट ठेवत वाचायला लागली. पंखे, इस्त्र्या, बादल्या. मग भांडी. पाच लिटरचा कुकर. कंपनी तीच, मॉडेल तेच.

तिचं बोट तिथेच थांबलं.

दोन दिवसांपूर्वी दादा त्या मधल्या दारात उभा राहून केवढ्या खुशीत बोलला होता. एकदम दोनशे कुकर उचलायचे या अटीवर होलसेलवाल्याने खास भाव दिला होता. थोडी रक्कम आगाऊ दिली होती, बाकीचे सगळे पैसे माल उतरताना द्यायचे, आणि एकदा उतरवलेला माल परत नाही. "मोठं दुकान उघडतंय ना, उघडू दे. माझ्याकडे कुकर त्यांच्याहून स्वस्त मिळणार," दादा म्हणाला होता. होतं नव्हतं ते सगळं तो त्यात घालणार होता. ट्रक आज चारला यायचा होता.

आणि ताईच्या बोटाखालचा भाव दादाच्या त्या खास भावापेक्षाही कमी होता. दादा ज्या किमतीला विकत घेणार होता, त्याहून कमी किमतीला हे लोक विकणार होते.

काकांनी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. ते तिच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"ताई, दादांना—"

"मशीन चालू करा, काका."

"अहो, पण सख्खा भाऊ—"

"शब्द दिलाय मी. चालू करा."

काकांनी मशीन चालू केलं. ताई उठली, मधल्या दाराशी गेली आणि तिने कडी लावली. कडी इतकी वर्षं वापरात नव्हती की ती बसेना. तिला तळव्याने ठोकावी लागली.

मग ती कामाला लागली, पण काम हाताने होत होतं, डोकं भलतीकडेच होतं. दादाला कसं थांबवावं? तब्येतीचं निमित्त काढून त्याला दवाखान्यात न्यावं? वहिनीला सांगावं की ट्रक उद्यावर ढकला? पण का म्हणून विचारलं तर? काहीही सांगितलं तरी ते सांगणंच होतं. मॅनेजरला फोन करून मोकळीक मागावी, असंही तिच्या मनात आलं. तिने फोन लावला. दुसऱ्यांदा त्याने उचलला.

"साहेब, एका माणसाला सांगितलं तर चालेल का? एकालाच."

"कुणाला?" त्याचा आवाज लगेच बदलला.

"राहू द्या," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला. आपण हे काय केलं, असं तिला त्याच क्षणी वाटलं.

दीड वाजता दारावर थाप पडली.

"अगं, दार अडकलंय का? चहा आणलाय."

"काम आहे, दादा. नंतर."

"कडी लावलीस?"

ती गठ्ठ्यांकडे वळली. पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग चपला दुकानाच्या पुढच्या तोंडाकडे गेल्या. ताईने ओळखलं, तो रस्त्याने वळसा घालून येतोय. तिने छापलेले कागद भराभर पालथे केले. पण त्यांची मागची बाजूही छापून झाली होती, तिथे पंखे होते. तिने गठ्ठ्यांवर तपकिरी कागद टाकला. शेवटचा कोपरा झाकला जातोय तोच दादा बोळातून आत शिरला.

दादा अंगाने थोराड, आवाज खणखणीत. पण आता तो हळू बोलला.

"काय छापतेस?"

"गिऱ्हाइकाचं काम आहे."

"शाळेचे पेपर छापतेस तेव्हाही कडी लावत नाहीस तू. माझी दोन पोरं त्याच शाळेत होती, तरी कधी लावली नाहीस."

काकांनी मशीन बंद केलं. मशीन थांबल्यावर खोली भलतीच मोठी वाटायला लागली.

"म्हणजे हा कागद माझ्यापासूनच लपवायचा आहे," दादा म्हणाला. "त्या बायपासवाल्यांचा आहे ना?"

"विचारू नकोस, दादा."

"कुकर आहे त्यात?"

"दादा, पाया पडते, विचारू नकोस."

"तोंडाने सांगू नकोस. नुसती मान हलव. अडीच तासांत ट्रक येतोय माझा."

ताईने मान ताठ ठेवली. इतकी ताठ, की मानेची शीर दुखायला लागली. दादा पुढे आला आणि त्याने तपकिरी कागदाचं टोक धरलं. तिने त्याच्या हाताशेजारी आपला तळवा दाबून ठेवला. शाईने काळी झालेली बोटं. तो सहज तिचा हात बाजूला करू शकला असता. लहानपणी त्याने तिच्या मुठीतून हवं ते काढून घेतलं होतं, खडू, भोवरे, काहीही. काका मशीनमागून पुढे आले आणि तिथेच थबकले.

दादाने टोक सोडलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "तुझा धंदा तू सांभाळ." आणि तो गेला.

काकांनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे धरला. तिने घेतला नाही. "चालू करा," ती म्हणाली. "सहाला द्यायचंय."

चारच्या आधीच बाजाराच्या बाजूने ट्रकचा हॉर्न आला. कटिंग मशीनवर काम करताना ताईने कान भिंतीकडे लावले. ट्रकचा मागचा फाळका पडल्याचा आवाज. ड्रायव्हरचा आवाज, दादाचा आवाज, मग पुन्हा ड्रायव्हरचा, चढलेला. शब्द कळत नव्हते. खोकी उतरत असती तर धप धप आवाज आला असता. तो आला, पण तीन-चारदाच. मग फाळका परत लागला आणि ट्रक निघून गेला. ताई पात्याजवळ हात ठेवून उभी होती. काका ओरडले, "ताई, हात!" तेव्हा तिने तो मागे घेतला.

साडेपाचला मॅनेजर आला. या वेळी त्याला घाई नव्हती.

"पलीकडचं भांड्यांचं दुकान कुणाचं?"

"माझ्या भावाचं."

"सकाळी सांगितलं नाहीत."

"नाही सांगितलं. ते सांगायला हवं होतं. ती चूक माझी."

"आमचा आणि त्यांचा होलसेलवाला एकच आहे. तासाभरापूर्वी त्याचा फोन आला. म्हणाला, ट्रकभर कुकर परत आलेत, तुम्ही घेता का? वाटपाच्या आदल्या दुपारी! आणि त्याआधी तुमचा मला फोन. एका माणसाला सांगू का म्हणून. मी काय समजायचं?"

"मी त्याला काही सांगितलं नाही. कागद दाखवला नाही."

"मग त्यांना स्वप्न पडलं?"

ताई आत गेली आणि दोरीने बांधलेला एक गठ्ठा घेऊन आली. खराब निघालेले सगळे कागद, पहिल्या प्रूफसकट, तिने जपून ठेवले होते. "माझ्याकडे आलेला एकूण एक कागद इथे आहे. मोजून घ्या. मी दाराला कडी लावली. त्या कडीवरून त्याने ओळखलं. एवढंच झालं."

मॅनेजरने गठ्ठ्याकडे पाहिलं, मग मधल्या दाराकडे. कदाचित त्याला ते खरं वाटलं असेल. पण वर जाब द्यायचा होता तो त्यालाच. त्याने माणसं बोलावून पत्रकं गाडीत चढवली, आजच्या कामाचे ठरलेले पैसे दिले आणि जाताना म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून आम्ही शहरात छापून घेऊ. राग मानू नका."

"मानला तर काय करणार आहात?" काका म्हणाले. ताईने त्यांना डोळ्यांनी गप्प केलं.

हात धुऊन ताई रस्त्याने फिरून दादाच्या दुकानात गेली. वहिनी गल्ल्यावर होती, दादा आत स्टुलावर. जमिनीवर वीस कुकरची चार मोठी खोकी होती. बाकी सगळे त्याने परत पाठवले होते. आगाऊ दिलेली रक्कम मात्र बुडाली होती.

"ये," वहिनी म्हणाली. "तुझ्या भावाने दुपारपासून तोंडात पाण्याचा थेंब घेतला नाहीये. माझ्यावर तीनदा ओरडून झालंय. आता तुझा नंबर."

पण दादा ओरडला नाही. त्यामुळे ताईला जास्तच जड गेलं.

"एक शब्द," तो म्हणाला. "एक शब्द बोलली असतीस सकाळी, तर मी ट्रक निघायच्या आत फोन केला असता. आगाऊ रक्कमही वाचली असती. कडीने सांगितलं मला. बहिणीने नाही."

"मी आज तुझ्यासाठी फोडलं असतं, तर उद्या कुणी माझ्याकडे कागद दिला असता का?"

"तसा आता कोण देतोय?"

 मॅनेजर काय सांगून गेला ते तिने त्याला सांगितलं नाही. ते काकांकडून दुसऱ्या दिवशी वहिनीला कळलं, आणि वहिनीकडून त्याला.

मोठं दुकान उघडलं. पहिला आठवडा बाजाराच्या रस्त्यावर शुकशुकाट होता. चपलांच्या दुकानाचा मालक दारात बसून पेपरातली कोडी सोडवायचा आणि अडला की समोरच्या शिंप्याला ओरडून विचारायचा. दादा ताईशी बोलत नव्हता. वहिनी मध्ये निरोप्याचं काम करायची आणि दोघांनाही टोमणे मारायची. ताईने काकांना आठवड्यातून चारच दिवस बोलवायला सुरुवात केली. हे सांगताना तिने तीनदा वाक्य बदललं. काका म्हणाले, "मला गुडघ्यांना आराम हवाच होता," आणि डबा उचलून नेहमीपेक्षा लवकर घरी गेले.

तीन आठवड्यांनी शाळेतल्या एक बाई दादाच्या दुकानात आल्या. हातात नवाकोरा कुकर, बायपासच्या दुकानातला. शिट्टी होत नव्हती, वाफ कडेने निघत होती. तिथे म्हणाले होते, कंपनीकडे पाठवू, महिना लागेल.

"माझ्याकडून घेतला नाहीत आणि माझ्याकडे घेऊन आलात?" दादा म्हणाला.

"चूक झाली," बाई म्हणाल्या. "पण घरी सात माणसं आहेत."

दादाने कुकर घेतला. झाकण वाकलं होतं. तरुणपणी तो हे काम करायचा. मग नव्या मालाच्या विक्रीत ते मागे पडलं होतं. अर्ध्या तासात त्याने झाकण सरळ केलं, रबर बदललं आणि तिथेच स्टोव्हवर शिट्टी काढून दाखवली. दुसऱ्या दिवशी बाईंची शेजारीण आली. मग मिक्सर घेऊन एक खानावळवाला.

त्याच्या पुढच्या सोमवारी दादा छापखान्यात आला. नमस्कार नाही, चौकशी नाही. वहीतून फाडलेला एक कागद त्याने टेबलावर ठेवला. 'कुकर, मिक्सर, शेगडी. कुठूनही घेतलेली असो, इथे दुरूस्त होईल.'

ताईने वाचलं. "'दुरुस्त'मधला 'रु' ऱ्हस्व हवा. तू दीर्घ काढलायस."

"मग काढ तू ऱ्हस्व. पाचशे हवीत."

"प्लेटचा खर्च तोच आहे. हजार घे."

"पाचशे."

"हजार घेतलीस तर परवडेल तरी."

"माझं मला कळतं. पाचशे म्हटलं ना."

"बरं बाबा, पाचशे."

तो बसला नाही, पण गेलाही नाही. काकांचा तो सुट्टीचा दिवस होता, म्हणून ताईने स्वतःच मशीन लावलं. दादा बाजूला उभं राहून कागदाचा रिम फोडून देत होता. काम चालू असताना दोघं एकमेकांशी बोलले ते फक्त शाई फिकी आहे की गडद, एवढंच.